ज्वारीची पेज, प्रथिनांचे पचन आणि संस्कारविचार

आहारविधिविशेषायतनांपैकी ‘करण’ म्हणजे संस्कार. संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हे चरक विमानस्थानातील प्रतिपादन आपणा सर्वांस परिचित आहे. ते गुणांतर नेहमी लघुतेकडेच होते, असे गृहीत धरण्याची चूक मात्र आमच्याकडून झाली.

ज्वरानंतर कृश झालेल्या एका बालकास आम्ही ज्वारीच्या पिठाची पातळ पेज पथ्य म्हणून दिली. मलप्रवृत्ती ठीक होती, तक्रार नव्हती. परंतु तीन आठवडे वजन हलले नाही. वस्तुतः ग्रंथोक्त पेया मुख्यतः शालीच्या तांदळाची. तिचे गुण आम्ही विचार न करता ज्वारीस लावले होते.

पेरूमधील बालकांवरील १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या अखंड ज्वारीतील नत्राचे शोषण सरासरी ४६ टक्के आढळले. तुलनेसाठी दिलेला गव्हाचा आकडा ८१ टक्के होता. आपल्याकडील पांढऱ्या मालदांडीत टॅनिन अत्यल्प असते, तेव्हा सारा दोष त्यावर ढकलता येत नाही. ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन सूक्ष्म कणांत साठवलेले असते. पाण्यात शिजताना या कणांच्या पृष्ठभागावरील सिस्टीनयुक्त प्रथिनांत डायसल्फाइड बंध निर्माण होतात व आतील प्रथिनापर्यंत पेप्सिन पोहोचत नाही. म्हणजे अग्निसंस्कारानेच येथे दुर्जरता येते!

यावर उपाय आपल्या घरातच आहे. पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी शिजवलेली आंबील गरिबाची म्हणून आपण पथ्याच्या यादीत क्वचितच घेतो. सुदानमधील किसरा या आंबवलेल्या ज्वारीच्या पोळीवरील प्रयोगांत पेप्सिनने होणारे पचन सुधारलेले आढळले. अर्थात लायसिनची उणीव आंबवण्याने भरून निघत नाही. त्यासाठी मुगाची जोड हवी. वरील बालकास आंबील व मुगाचे कढण सुरू केल्यावर वजन वाढू लागले. अग्नी सावरल्यानेही ते घडले असेल. एका रुग्णावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अम्लपित्त व पित्तप्रधान त्वग्विकारांत मात्र आंबील टाळावी.

मोड आणण्याने ज्वारीचे पचन सुधारते, तथापि कोवळ्या कोंबांत हायड्रोसायनिक आम्ल देणारे धुरिन असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ती यामुळेच. म्हणून मोडाची ज्वारी कच्ची देऊ नये. ती वाळवून, कोंब व मुळे चोळून काढून, दळून शिजवूनच द्यावी.