कुठला नंबर कुठे ठेवायचा, ते आधी ठरव

अगं, नोकरीचं पत्र हातात पडलं आणि दुसऱ्या दिवशी तुझा प्रश्न आलाच, "ताई, सगळे ई-सिम घेतायत, माझा नंबर त्यात टाकून घेऊ का?" ई-सिम जरूर घे. पण त्यात कुठला नंबर टाकायचा ते आधी ठरव. बाकी सगळं काम पाच-दहा मिनिटांचं असतं, हा निर्णय मात्र घाईत घेऊ नकोस.

तुझा कॉलेजपासूनचा नंबर आहे ना, त्याला बँक जोडलेली आहे, आधार जोडलेलं आहे, यूपीआय त्यावरच चालतं आणि उद्या पीएफचं खातंही त्यालाच जोडलं जाईल. तो साध्या कार्डावरच राहू दे. ऑफिससाठी जो नवा नंबर लागेल तो ई-सिमवर घे. ऑफिसच्या लोकांना तुझा घरचा नंबर देऊच नकोस, हे तर मी तुला आधीपासून सांगतेय. नोकरी बदललीस की तो ऑफिसचा नंबर बंद करता येतो, आणि तुझं बाकीचं आयुष्य जागच्या जागी राहतं.

हे मी का सांगते, ते नीट ऐक. ई-सिमची चिप फोनच्या आत कायमची बसवलेली असते. मोबाइल कंपनी तुझ्या नंबराची ओळख इंटरनेटवरून त्या चिपवर उतरवते. एका फोनात असे अनेक नंबर साठवता येतात, पण बहुतेक अँड्रॉइड फोनांत एका वेळी दोनच चालू राहतात. मग ते एक कार्ड आणि एक ई-सिम असोत, नाहीतर दोन कार्डं. चिप बाहेर काढता येत नाही, त्यामुळे फोन चोरीला गेला तर चोराला सिम काढून फेकता येत नाही, की दुसऱ्या फोनात घालून तुझे ओटीपी वाचता येत नाहीत. हा मोठा फायदा आहे, मान्य. पण फोनच बंद पडला तर तुलाही ते काढता येत नाही.

आमच्या ऑफिसातल्या एकीचा फोन पावसात भिजून गेला. बँकेचा नंबर ई-सिमवर होता. तिने नवा फोन आणला, कंपनीने क्यूआर कोड ईमेलवर पाठवला. ईमेल उघडायला गेली तर तिथे ओटीपी मागितला, आणि तो ओटीपी जाणार त्याच बंद पडलेल्या नंबरावर! शेवटी आधार घेऊन कंपनीच्या दुकानात रांग लावावी लागली. नंबर चालू झाल्यावरही चोवीस तास एसएमएस येईनात, कारण सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवायचे असा दूरसंचार विभागाचाच नियम आहे. तुझ्या नंबराचं कुणी परस्पर सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, म्हणून तो आहे. नियम चांगलाच आहे, पण आपणच सिम बदललं तरी तो आपल्यालाही लागू होतो.

म्हणून पुढे कधी बँकेचा नंबर ई-सिमवर न्यावासा वाटलाच, तर घरभाडं भरायच्या दिवशी नेऊ नकोस. सिम बदललं की यूपीआयचं ॲप पुन्हा पडताळणी मागतं. त्यासाठी तुझ्या फोनातून एसएमएस जावा लागतो, आणि नेमका तोच बंद असतो. शनिवारी सकाळी बदल, पर्समध्ये थोडी रोकड ठेव. कंपनीकडे नोंदवलेला ईमेल लॅपटॉपवर आधीच उघडून ठेव. गुगल खात्याचे बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर उतरवून कपाटात ठेव. हे आजच केलंस तरी चालेल, ई-सिम घे किंवा नको घेऊस.

कार्डावरच्या नंबराला चोराचा धोका राहतोच, त्याची सोय सिम लॉकमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये सिम लॉक चालू केलंस की कार्ड दुसऱ्या फोनात घातलं तरी पिन मागतं. सुरुवातीचा पिन कंपनीकडून विचारून घे, अंदाजाने मारत बसू नकोस. तीनदा चुकलं की कार्ड अडकतं आणि मग पीयूके कोड लागतो. पिन बदलून स्वतःचा ठेव. इतकी साधी गोष्ट असून फार कमी जण करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुझा फोन ई-सिम घेतो का, ते बघ. कीपॅडवर *#०६# दाब. पडद्यावर १५ आकडी आयएमईआय दिसतील, आणि ई-सिमची सोय असेल तर त्यांच्याच जवळ ३२ आकडी ईआयडी दिसेल. ईआयडी नसेल तर तो फोन ई-सिम घेत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आयएमईआय डायरीत लिहून ठेव. फोन चोरीला गेला तर संचार साथीच्या संकेतस्थळावर तो नंबर देऊन फोन बंद पाडता येतो. तिथेच तुझ्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथल्या तिथे तक्रार कर.

दोन सिमांचा एक भाग कुणी नीट सांगत नाही. दोन्ही नंबर चालू असले तरी बहुतेक फोन एका वेळी एकाच नंबरावर बोलू देतात. ऑफिसच्या नंबरावर तासाची मीटिंग चालली असेल तर तेवढा वेळ घरच्या नंबरावर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' असं ऐकू येतं. आईचा जीव तेवढ्याने टांगणीला लागतो. तिला दोन्ही नंबर दे, आणि एक लागला नाही तर दुसरा लाव, असं समजावून सांग. इंटरनेट कुठल्या सिमवरून चालवायचं तेही सेटिंग्जमध्ये ठरव आणि आपोआप सिम बदलण्याचा पर्याय बंद ठेव, नाहीतर दोन्हीकडचा डेटा संपत राहील. ज्या नंबरावर फक्त कॉल आणि ओटीपी हवेत, त्याला डेटाचा महागडा पॅक कशाला? ट्रायच्या आदेशानंतर २०२५ पासून कंपन्यांकडे फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आलेत, ते विचार.

ई-सिमवाल्या घड्याळाचं म्हणशील, तर इथे मात्र मी मनापासून हो म्हणते. तू पहाटे तळजाईच्या टेकडीवर एकटी धावायला जातेस. फोन हातात धरून धावणं नको वाटतं म्हणून तो खोलीवर ठेवतेस, आणि तो तासभर मी इथे काळजीत असते. फक्त ब्लूटूथवालं घड्याळ फोनपासून लांब गेलं की एकट्याने कॉल करू शकत नाही. घेताना एलटीई लिहिलेलंच घे, किंमत जास्त असते तरी. ई-सिमची सुरुवात मुळात घड्याळातच झाली बरं का! २०१६ साली सॅमसंगच्या गिअर एस-२ मध्ये ते आलं, आणि पिक्सेल २ या फोनात त्याच्या पुढच्या वर्षी.

गॅलेक्सी वॉचचं एलटीई मॉडेल घेतलंस तर फोनमधल्या वेअरेबल ॲपमधून मोबाइल प्लॅन जोडायचा. घड्याळाला स्वतःचं ई-सिम मिळतं, पण नंबर तुझाच राहतो. त्यासाठी फोनातला नंबर ई-सिमवर असायची गरज नसते, कार्डावरचाही चालतो. फक्त कंपनी तीच हवी, आणि ती त्या घड्याळाला सेवा देते ना, हे पैसे भरण्याआधी पक्कं कर. जोडायचा तो घरचा नंबर, म्हणजे पहाटे आईचा फोन आला तर मनगटावर वाजेल. एसओएसची सेटिंग त्याच दिवशी लाव, त्यात माझा नंबर घाल, आणि टेकडीवर जाऊन एकदा मला खरोखर फोन करून बघ. फोनपासून लांब असताना घड्याळाची बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री चार्ज करूनच झोप.

परदेशात पाठवलं तर तिथलं डेटाचं ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून घे. आपल्या नंबराचं रोमिंग निघण्याआधी चालू करून घे, म्हणजे ओटीपी येतील. फक्त त्याचा रोमिंग डेटा बंद ठेव. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालत राहतं.

एक गोष्ट माझ्यासमोर शपथ घेतल्यासारखी लक्षात ठेव. "कंपनीतून बोलतोय, तुमचं सिम ई-सिममध्ये बदलून देतो," असा फोन आला तर पुढचं वाक्यही ऐकू नकोस. ते एक लिंक पाठवतात किंवा एसएमएसला उत्तर द्यायला लावतात. तू हो म्हणालीस की तुझ्या कार्डाची रेंज जाते आणि नंबर त्यांच्या फोनवर जागा होतो. ई-सिमच्या क्यूआर कोडचा फोटो मलाही पाठवायचा नाही. शेजारच्या सगळ्यांना रेंज आहे आणि फक्त तुझी अचानक गेली, तर फोन बिघडला असं समजून वाट बघत बसू नकोस. कुणाचाही फोन माग, आधी बँकेत कळवून खातं थांबव, मग कंपनीला सांग. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदव. तिथे जितक्या लवकर कळेल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

आणि गावी गेल्यावर उत्साहाच्या भरात आईचा नंबर ई-सिमवर टाकू नकोस. तिचा फोन बिघडला तर शेजारचा कुणीही मुलगा कार्ड काढून जुन्या फोनात घालून देतो, आणि दोन मिनिटांत ती बोलायला लागते. तिच्या फोनात तुझे दोन्ही नंबर 'घरचा' आणि 'ऑफिसचा' असे वेगवेगळे सेव्ह करून दे, तेवढं पुरे.