कुपीतले मानवी विकर

प्रश्न : प्रयोगशाळेत आलेल्या कुपीवर ‘मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज २’ असे लिहिले आहे. ते माणसाच्या रक्तातून काढतात काय?

उत्तर : पूर्वी काढीत, आता बहुधा नाही. ज्या जनुकाच्या हुकमाने आपल्या तांबड्या पेशींत हे विकर घडते, त्याची नक्कल ई. कोलाय जीवाणूच्या दप्तरी दाखल केली, की तो परका मजकूर इमानेइतबारे वाचून, माणसाच्या रक्ताचा थेंबही न सांडता, तेच सुमारे २६० अमिनो आम्लांचे प्रथिन तो सिद्ध करतो. मात्र ज्याच्या बळावर ते सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डायऑक्साइड रेणूंचा निकाल लावते, तो गाभ्यातला जस्ताचा एकुलता अणू हिरावला गेल्यास सारा कारभार ठप्प! हा कारभार टिकवायचा, तर कुपी वारंवार वितळवून गोठवू नये. पहिल्याच दिवशी, बर्फावर ठेवून, लहान हिश्श्यांत वाटून घ्यावी.