जुन्या पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर : दोष कसा ओळखावा व भाग कसा बदलावा

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला, त्या वेळी कडेगाव हे दक्षिण सातारा जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. त्या काळापासून विकासगटाची कचेरी म्हटली की तिच्यापुढे उभी असलेली जीप लोकांच्या डोळ्यांपुढे येई. पुढे डिझेलच्या गाड्या आल्या. तरीही विटा-कराड रस्त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर एखादी जुनी पेट्रोल जीप किंवा ॲम्बॅसडर मोटार अद्याप काम करताना दिसते. अशा गाड्या राखणाऱ्या शेतकऱ्यांकडून कृषि विभागाच्या कर्मचाऱ्यांस जे प्रश्न विचारले जातात, त्यांत 'गाडी वाटेत बंद का पडते' हा प्रश्न नेहमीचा आहे.

आमच्या परिसरातील एका शेतकऱ्याची पेट्रोल जीप सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होई. गावातून निघाली म्हणजे काही किलोमीटर उत्तम चाले. परंतु सुर्लीच्या घाटाचा चढ लागला की मिस मारू लागे, सायलेन्सरमधून फटाके वाजत आणि शेवटी कोणी किल्ली फिरवावी तशी ती एकाएकी बंद पडे. वीस-पंचवीस मिनिटे विसावा दिला की पुन्हा सुरू होई. एकदा द्राक्षांच्या पेट्या भरलेल्या असताना हा प्रकार झाला व माल दुपारच्या उन्हात घाटात अडकून पडला. एका कारागिराने इंजिनाच्या रिंगा गेल्या असून बोअर करावे लागेल असे सांगितले. त्या खर्चासाठी शेतकऱ्याने नुकतीच व्यालेली म्हैस विकावयाचे ठरविले होते, व गिऱ्हाईकही पाहून गेले होते.

मी गाडी पाहण्यास गेलो तेव्हा प्रथम माझीही चूक झाली. पेट्रोलमध्ये कचरा असावा असे समजून मी कार्बोरेटर उघडून साफ केला व त्यात अर्धा दिवस घालविला. वास्तविक गाडी कशी बंद पडते इकडे लक्ष दिले असते तर तो अर्धा दिवस वाचला असता. पेट्रोलचा पुरवठा तुटतो तेव्हा इंजिन सामान्यतः आचके देत, कण्हत, हळूहळू थांबते. ठिणगी तुटते तेव्हा ते एकदम थांबते. हा नियम शंभर टक्के लागू पडेल असे नाही, पण तपासणी कोठून सुरू करावी हे त्यावरून ठरते. शिवाय इंजिनास हँडल घालून फिरविले असता चारही वेळा सारखाच जोर लागत होता व सायलेन्सरमधून निळा धूर येत नव्हता. रिंगा खरोखर गेलेल्या असत्या तर ही दोन्ही लक्षणे अशी दिसली ना. म्हणून म्हशीचा सौदा आठ दिवस थांबवावा, असे मी त्यांस सांगितले.

आता ठिणगीचे कार्य समजून घेऊ. आपल्याकडील विहिरीवरचे ऑइल इंजिन डिझेलवर चालते. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. ठिणगीची गरज नसते. पेट्रोल इंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास २,००० फेरे करीत असता मिनिटास ४,००० ठिणग्या लागतात. या सर्व ठिणग्या वेळेवर उत्पन्न करणे व ज्याच्या त्याच्या प्लगकडे पोहोचविणे ही दोन्ही कामे डिस्ट्रिब्युटर करतो. तो कॅमशाफ्टच्या गतीने, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो.

ठिणगी उत्पन्न होण्याची रीत उपसा सिंचनाच्या शेतकऱ्यांस चटकन समजेल. पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत असता मोटर एकाएकी बंद झाली तर नळास मोठा धक्का बसतो. त्याचप्रमाणे इग्निशन कॉइलमधून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह चालू असता तो एकदम तोडला की कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा धक्का उत्पन्न होतो. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील सीबी पॉइंट करतात. पॉइंट उघडताना प्रवाह त्यांच्या फटीतूनही उडी मारू पाहतो. तसे झाले तर प्रवाह एकदम तुटत नाही, ठिणगी दुबळी पडते व पॉइंट जळतात. ही उडी थांबविण्यासाठी शेजारी कंडेन्सर बसविलेला असतो. पुढे रोटरचे काम पाटकऱ्यासारखे असते. पाटकरी जसा पाळीप्रमाणे एकेका शेताचे दार उघडतो, तसा रोटर कॅपच्या आत फिरत एकेका सिलिंडरच्या वायरीस करंट देतो. जुन्या जीपमध्ये व ॲम्बॅसडरमध्ये ही पाळी १-३-४-२ अशी आहे.

तपासणीसाठी फीलर गेज, पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा छोटा दिवा पुरे. फार जुन्या जीपची बॅटरी ६ व्होल्टची असल्यास दिवाही तसाच घ्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. हँडल मारताना अंगठा मुठीच्या उलट बाजूस न वळविता इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडते.

प्रथम एका प्लगची वायर काढून तिचे टोक कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनाच्या लोखंडापासून सुमारे पाव इंचावर धरावे व दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. ही परीक्षा कार्बोरेटरजवळ अथवा सांडलेल्या पेट्रोलजवळ कदापि करू नये. निळसर व कडकड आवाज करणारी ठिणगी पडल्यास ठीक समजावे. ती पिवळी, बारीक असल्यास अगर मुळीच न पडल्यास कॅपच्या मध्यभागी येणारी कॉइलची जाड वायर काढून तशीच पाहावी. कॉइलच्या वायरीवर जोरदार ठिणगी आहे पण प्लगच्या वायरीवर नाही, असे आढळल्यास दोष कॅप, रोटर किंवा वायरींत आहे. दोन्हीकडे दुबळी असल्यास पॉइंट, कंडेन्सर अथवा कॉइलकडे वळावे.

आमच्या जीपची ठिणगी सकाळी थंड असता चांगली होती. म्हणून इंजिन अर्धा तास चालवून, ते मिस मारू लागताच पुन्हा पाहिले. आता ठिणगी पिवळी पडली होती. गरम झाल्यावर निर्माण होणारा दोष गरम असतानाच शोधला पाहिजे. थंड गाडी तपासून 'सर्व ठीक आहे' असा दाखला देणारे कारागीर पुष्कळ भेटतात.

कॅप काढून तिची आतली बाजू उजेडात न्याहाळावी. केसाएवढी तडा गेलेली असेल तर त्या जागी पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. अशा कॅपमध्ये करंट त्या रेघेवरून भलत्याच वायरीकडे जातो. पावसाळ्यात व पहाटेच्या दहिवरात हा दोष अधिक जाणवतो. शंका असल्यास रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवावे, म्हणजे पळणाऱ्या ठिणग्या डोळ्यांस दिसतात. मधला कार्बनचा तुकडा झिजलेला अगर तुटलेला आहे काय, रोटरचे टोक जळले आहे काय, हेही पाहावे.

नंतर दिव्याची परीक्षा करावी. दिव्याची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकास व दुसरी इंजिनाच्या लोखंडास जोडून किल्ली चालू करावी व इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. पॉइंट उघडताच दिवा लागला पाहिजे व मिटताच विझला पाहिजे. दिवा सारखा लागलेलाच राहिला तर पॉइंट मळले आहेत किंवा मिटत नाहीत. मुळीच लागला नाही तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर सोडवून पाहावे; त्यानंतर लागला तर डिस्ट्रिब्युटरच्या आत कोठेतरी करंट लोखंडास उतरत आहे, आणि तरीही न लागल्यास कॉइलमधून करंट येतच नाही.

पॉइंटमधील फट मोजताना कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर आणावा. जुन्या पेट्रोल जीपसाठी ही फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, व ॲम्बॅसडरसाठी ०.०१५ इंच ठेवावी. एका गाडीचे माप दुसरीस लावू नये. टाच झिजली की फट कमी होते व ठिणगी उशिरा पडू लागते. फट वाढली तर ठिणगी लवकर पडते. म्हणून फट बदलली की टायमिंग पुन्हा पाहिलेच पाहिजे.

आमच्या जीपचे पॉइंट काळेनिळे जळलेले होते, तेव्हा संशय कंडेन्सरवर गेला. कंडेन्सरची खेड्यात करता येण्याजोगी खात्रीची परीक्षा म्हणजे चांगला कंडेन्सर लावून पाहणे हीच होय. नवा कंडेन्सर व नवे पॉइंट घातले, आणि गाडी घाट चढून गेली. शेतकऱ्याने म्हैस विकण्याचा बेत सोडला. मात्र पंधरा दिवसांतच गाडी पुन्हा मिस मारू लागली.

या वेळी मी चारही उंचवट्यांवर फट मोजली. एकावर ती बरोबर होती, तर समोरच्या उंचवट्यावर पॉइंट जेमतेम उघडत होते. कॅमचा दांडा बोटांनी बाजूस हलविला असता स्पष्ट हलत होता. दांड्याचे बुश झिजले म्हणजे दांडा डुलतो व फट प्रत्येक फेरीस निराळी होते. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये कितीही नवे पॉइंट घातले तरी पैसा वाया जातो. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती; तिला दोन मिनिटे लागतात. रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटाने पिळून सोडला तर तो स्प्रिंगने आपोआप मागे आला पाहिजे. न आल्यास आतील वजने गंजली आहेत असे समजावे.

बुश नवे घालता येतात, पण त्यासाठी चांगला टर्नर हवा. आम्ही डिस्ट्रिब्युटरच बदलला. कराड, सांगली किंवा कोल्हापूर येथे सुट्या भागांची चौकशी करताना केवळ गाडीचे नाव सांगू नये, जुना भाग सोबत न्यावा. दांड्याची लांबी, खालची जीभ व फिरण्याची दिशा ही तिन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. जीप व ॲम्बॅसडर यांचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो.  दिशेची चूक झाल्यास गाडी चालूच होत नाही.

काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी व प्लगच्या वायरींस दोऱ्याने आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा व इंजिन हाताने फिरवावे. अंगठा हवेने उचलला जाऊ लागला म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे. तेव्हा टायमिंगची खूण जुळवून थांबावे. अंगठ्याची ही परीक्षा गाळू नये, कारण तीच खूण दुसऱ्या फेरीसही जुळते, पण तेव्हा ठिणगी चौथ्या सिलिंडरची असते. रोटरचे टोक कोठे आहे व डिस्ट्रिब्युटरचे अंग ब्लॉकवर कसे बसले आहे, या दोन्ही जागी अणकुचीदार खिळ्याने रेघा ओढाव्यात. मग क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर सरळ वर उचलावा व भोकावर स्वच्छ फडके टाकावे. यानंतर नवा भाग बसेपर्यंत इंजिन मुळीच फिरवू नये.

नव्या डिस्ट्रिब्युटरची फट बाहेरच बसवून घ्यावी व कॅमवर ग्रीसचा पातळ हात द्यावा. अनेक जुन्या इंजिनांत खालची जीभ मध्यापासून थोडी बाजूस असते. त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. रोटर किंचित हलवीत ती खाचेत उतरवावी. हातोडीने ठोकून बसवू नये. रोटरचे टोक ज्या वायरीसमोर येईल ती पहिल्या सिलिंडरची. तेथून रोटरच्या दिशेने ३, ४ व २ अशा वायरी लावाव्यात.

टायमिंगसाठी बॅटरी जोडून दिवा पूर्वीप्रमाणे लावावा. जीपच्या इंजिनास पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वी ५ अंशांवर ठिणगी हवी. तेवढ्या खुणेवर इंजिन आणून ठेवावे. किल्ली चालू करून डिस्ट्रिब्युटरचे अंग प्रथम रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवावा, मग अगदी सावकाश उलट फिरवीत न्यावे. दिवा लागला त्या क्षणी हात थांबवून बोल्ट आवळावा. चढावर भार असता इंजिन सतत खडखडत राहिले तर अंग रोटरच्या दिशेने केसभर सरकवावे; गाडीत ओढ नसेल व इंजिन तापत असेल तर उलट दिशेने.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत पॉइंट नसतात, तेव्हा दिव्याच्या या परीक्षा त्यांवर करू नयेत.

या जीपचा नवा डिस्ट्रिब्युटर बसविण्यास आम्हांस दुपारचे तीन तास लागले. त्यांपैकी एक तास खाली पडलेला पॉइंटचा स्क्रू शोधण्यात गेला; काम करताना खाली पांढरे धोतर अंथरावे, ही सूचना त्या शेतकऱ्याच्या आईची. आता ते दर दोन महिन्यांनी रोटर उचलून खालच्या नमद्यावर तेलाचे दोन थेंब सोडतात व फट मोजतात. जुने पॉइंट व कॅप त्यांनी डब्यात घालून सीटखाली ठेवली आहेत, आणि नवा कंडेन्सर व फीलर गेजही त्याच डब्यात आहेत.