बंद पडलेला ट्रेलर आणि फिरते गॅरेज

भिवंडीचे नाव काढले की आजही यंत्रमागच डोळ्यांसमोर येतो. पण मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात एक फेरी मारली तर दिसतात ती गोदामे. मुंबईत जकात होती, शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांनी माल येथे उतरवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र हलली नाहीत. उलट नाशिक महामार्गाने ती पडघ्याकडे पसरली. न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनरचे ट्रेलर मुंब्रा बायपास चढून खारेगावमार्गे येथे येतात. जेथे इतकी अवजड वाहने रात्रंदिवस ये-जा करतात तेथे काही वाहने रस्त्यातच बंद पडणार. गॅरेज गाडीपर्यंत नेणारा कारागीर म्हणूनच या भागात उपाशी राहणार नाही, असे आम्हाला वाटते. मागाचा जॉबर म्हणून हात बसलेल्या तरुणांनीही या धंद्याचा विचार करावा. नट, बोल्ट आणि बेअरिंगची भाषा त्यांना परकी नाही.

या धंद्यात गिऱ्हाईक पैसे कशाचे देते, हे आधी समजून घेतले पाहिजे. फुटलेली हवेची नळी बदलणे हे किरकोळ काम आहे. पण त्या नळीपायी उभ्या राहिलेल्या ट्रेलरचा खर्च किरकोळ नसतो. ठाण्यातून अवजड वाहनांना ठराविक वेळेतच सोडतात. ती वेळ हुकली की अर्धा दिवस गेला. कंटेनर मुदतीत परत गेला नाही तर जहाज कंपनी जादा आकार लावते. ई-वे बिलाचेही तसेच आहे. साध्या मालाला १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. गाडी बिघडल्यास ती मुदत वाढवून घेता येते, पण मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. माल दुसऱ्या गाडीत भरला तर नव्या गाडीचा नंबर त्या बिलावर चढवावा लागतो. म्हणजे वाहतूकदाराला पान्याइतकीच गरज असते ती खऱ्या वेळेची. "हे काम येथे होणार नाही, उद्या दुपार उजाडेल" असे पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट सांगणारा मिस्त्री त्याचे नुकसान वाचवतो. "झालंच, झालंच" म्हणत रात्र काढणारा ते वाढवतो, आणि पुढच्या वेळी त्याचा फोन वाजत नाही.

निम्मे काम फोनवरच होते. गाडी कोणत्या मॉडेलची, बीएस-६ की त्याआधीची, भरलेली की रिकामी, हवेचा काटा कोठे आहे, टायरचे माप काय, हे विचारून फोटो मागवावा. गाडी नाशिककडे तोंड करून उभी आहे की ठाण्याकडे, हा प्रश्न विसरू नये. मध्ये दुभाजक असल्याने चुकीच्या बाजूने गेलात तर वळण शोधण्यातच वेळ जातो. येण्याचा आकार आणि मजुरी निघण्यापूर्वीच सांगावी. काळोखात अडलेल्या ड्रायव्हरला जास्तीचा दर लावणे सोपे असते, पण त्याची बातमी पुढच्याच ढाब्यावर पोचते.

रस्त्यावरच्या कामात जीवाची जोखीम आहे. मोठ्या गाडीची हवा उतरली की मागची चाके बूस्टरमधील स्प्रिंगच्या जोराने आपोआप आवळली जातात. ती सोडवायला बूस्टरचा बोल्ट ओढून स्प्रिंग दाबावी लागते. पण ते केल्यावर ब्रेक उरत नाही. म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी, मगच बोल्टला हात घालावा. मुंब्रा बायपासच्या चढावर तर यात सूट नाहीच. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये, घोडी लावावी. लॉक रिंगच्या चाकात हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे आणि लांब नळीने बाजूला उभे राहून भरावी. उडालेली रिंग माणूस ठार करते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर गाडीचा संगणक जळतो. इंधनाच्या टँकरला रस्त्यावर वेल्डिंग करू नये, मालकाने कितीही गळ घातली तरी. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घे, हे ड्रायव्हरला सांगायला पैसे लागत नाहीत.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांनी जुन्या मिस्त्रींना कोड्यात टाकले आहे. यांतील बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलबरोबर ३२.५ टक्के युरियाचे द्रावणही लागते. ते संपले, भेसळीचे निघाले किंवा धुराड्यातला सेन्सर बिघडला की गाडी बंद पडत नाही, पण ताकद सोडते आणि रांगू लागते. येथे कानाने आवाज ओळखून भागत नाही, स्कॅनर हवा. हीच यंत्रणा बंद करून देण्याचे उद्योगही बाजारात चालतात. ते बेकायदेशीर आहे, आणि उद्या गाडी पकडली गेली तर मालक पहिले नाव तुमचेच घेईल.

भांडवलाबद्दल थोडक्यात. जुनी व्हॅन, कॉम्प्रेसर, जनरेटर, जॅक व घोड्या, स्कॅनर, आणि नळ्या, डायफ्रॅम, बल्ब, ट्रेलरची कपलिंगे असे वारंवार लागणारे सामान एवढ्यावर सुरुवात होते. व्हॅनच्या रचनेत बदल करायचा असेल तर आरटीओत आधी विचारावे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. मोठे वाहतूकदार तर त्याआधीच पक्के बिल मागतात आणि महिन्याच्या खात्यावर काम देतात. अशा वेळी पैसे कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने मिळणार, हे पहिल्या कामाच्या आधीच कागदावर लिहून घ्यावे.