स्वीकारलेला देश

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक स्थानक आहे. येथून पश्चिमेकडे निघालेली गाडी नंदुरबारवरून सुरतेस जाते. पूर्वेकडे निघालेली गाडी अमळनेर, जळगाव करीत भुसावळ गाठते. खानदेशातील कितीतरी कुटुंबे याच मार्गाने कामधंद्यासाठी सुरतेस गेली. गिरण्यांत, यंत्रमागांवर, दुकानांत कष्ट करून त्यांनी तेथे आपले बस्तान बसविले. घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती, असा त्यांचा दुहेरी संसार सुरू झाला. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला परठिकाणी दोन गोष्टी मिळवाव्या लागतात. एक म्हणजे काम, आणि दुसरी म्हणजे आपलेपणा. काम कधी चार दिवसांत मिळते. आपलेपणा मिळण्यास मात्र वर्षे लागतात.

खेळाडूंनाही हाच अनुभव येतो. ज्याचा चरितार्थ खेळावर चालतो, त्यास धंदेवाईक खेळाडू म्हणतात. फुटबॉलमध्ये असा खेळाडू एखाद्या क्लबशी ठरावीक मुदतीचा करार करतो. मुदत संपली, पायाला दुखापत झाली किंवा क्लबच बंद पडला, तर त्याला नवे गाव आणि नवा क्लब शोधावा लागतो. असाच एक खेळाडू जपानमधून भारतात आला आणि अखेर भारताचाच झाला. त्याचे नाव अराता इझुमी.

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधील शिमोनोसेकी या शहरी झाला. हे शहर जपानच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठी वसले आहे. त्याची आई जपानी आणि वडील गुजराती. त्यामुळे त्याला नीलकंठ खंभोलजा असे भारतीय नावही लाभले. तो वाढला मात्र जपानमध्येच. तो दहा वर्षांचा असताना, १९९३ साली, जपानमध्ये धंदेवाईक फुटबॉल संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९९८ साली, जपानचा संघ विश्वचषक स्पर्धेत प्रथमच उतरला. खेळाच्या या भरतीच्या काळात अराता फुटबॉल शिकला. तो मधल्या फळीत खेळे. बचाव करणारे खेळाडू आणि गोल करणारे खेळाडू यांना जोडणे, हे मधल्या फळीचे काम असते. तिला सतत धावावे लागते. पण टाळ्या बहुधा गोल करणाऱ्याच्या वाट्याला जातात.

२००५ साली अराता सिंगापूर येथील अल्बिरेक्स निगाता या संघातून खेळला. पुढे २००६ साली तो भारतात आला आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबमध्ये दाखल झाला. १९२० साली स्थापन झालेल्या या क्लबचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. पूर्व बंगालमधून कोलकात्यास आलेल्या लोकांना तो आपला वाटे. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या असंख्य निर्वासितांनी याच क्लबच्या विजयात आपले दुःख विसरण्याचा प्रयत्न केला. परमुलुखातून आलेल्या एका खेळाडूचे भारतातील पहिले मैदान अशा क्लबचे असावे, हा एक सुंदर योगायोग होय.

२००७ साली अराता मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघात आला आणि महाराष्ट्र ही त्याची कर्मभूमी झाली. २००९ साली तो पुणे एफ. सी. या क्लबमध्ये गेला. त्याच वर्षी हा क्लब देशातील वरच्या श्रेणीच्या स्पर्धेत प्रथमच उतरत होता. पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक मिळविला; २०१२-१३ च्या हंगामात तो दुसरा आला. इकडे महिंद्रा युनायटेड हा जुना नामांकित संघ २०१० साली बंद झाला. धंदेवाईक खेळाडूच्या पायाखालची जमीन किती अस्थिर असते, हे यावरून ध्यानात येईल.

अराता पुण्यात रमला होता. परंतु भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळावयाचे, तर त्याच्यापुढे एक मोठी अडचण होती. तो कायद्याने जपानचा नागरिक होता. ज्याच्याजवळ भारताचे पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, आहे त्यालाच भारताचे प्रतिनिधित्व करता येईल, असा नियम केंद्र सरकारने २००८ साली केला होता. वडील भारतीय असणे तेवढ्यापुरते पुरेसे नव्हते. शिवाय भारताच्या कायद्याप्रमाणे एका माणसाला एकाच वेळी दोन देशांचे नागरिकत्व ठेवता येत नाही. आणि जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक होतो, तो जपानच्या कायद्याप्रमाणे जपानी नागरिक राहत नाही. तेव्हा अराताला दोहोंपैकी एकाचीच निवड करणे भाग होते.

ही निवड सोपी नव्हती. जपानचे पारपत्र असलेल्या माणसाला जगातील पुष्कळ देशांत विनासायास प्रवेश मिळतो. ते सोडले म्हणजे ही सवलत संपणार होती. इतकेच नव्हे, तर ज्या शहरात जन्म झाला, त्या शहरी जाण्यासाठीही परदेशी माणसाप्रमाणे प्रवेशपरवाना घ्यावा लागणार होता. आणि एवढे सारे करूनही राष्ट्रीय संघात निवड होईलच, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. तरीही २०१२ साली अराताने भारताचे नागरिकत्व स्वीकारले. तेव्हा त्याचे वय तीस वर्षांचे होते. फुटबॉलपटूच्या आयुष्यात हे वय उतरणीकडे झुकणारे मानले जाते.

त्याचा हा निर्णय फळास आला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाईनविरुद्ध झालेल्या सामन्यात अराताने भारताचा पोशाख अंगावर चढविला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताच्या फुटबॉल संघात आलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तो सामना भारताने दोनविरुद्ध चार गोलांनी गमावला. राष्ट्रीय संघातील त्याचा काळही थोडाच ठरला. विक्रमांच्या यादीत शोधू गेल्यास त्याचे नाव ठळकपणे आढळणार नाही. पण त्याने जे दिले, ते गोलांच्या संख्येने मोजता येण्याजोगे नाही.

पुढे कोलकाता, पुणे, केरळ आणि मणिपूर येथील संघांतून तो खेळला. नंतर नवी मुंबईत त्याने मुलांना फुटबॉल शिकविण्याचे काम हाती घेतले. एके काळी जो परदेशी पाहुणा म्हणून आला होता, तो आता येथील मुलांचा गुरू झाला. त्याने चोखाळलेल्या वाटेवर पुढे आणखी एक पाऊल पडले. ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स, ज्याच्या आईचा जन्म मुंबईचा, यानेही २०२५ साली ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले.

जन्म कोठे व्हावा, हे कोणाच्याही हाती नसते. आपण कोणत्या भूमीसाठी घाम गाळावा, हे मात्र माणूस ठरवू शकतो. दोंडाईच्याहून सुरतेस गेलेला कामगार असो, की शिमोनोसेकीहून पुण्यास आलेला खेळाडू असो. तो आपल्याबरोबर आपले कसब आणतो आणि नव्या गावाच्या वैभवात भर घालतो. अशा माणसास परका म्हणून दूर लोटणे सोपे असते. त्याच्या कष्टांची ओळख पटवून घेऊन त्याला आपला म्हणणे, हे मोठ्या मनाच्या समाजाचे लक्षण आहे.

प्रश्न

१. परठिकाणी जाणाऱ्या माणसाला कोणत्या दोन गोष्टी मिळवाव्या लागतात? त्यांपैकी कोणती मिळण्यास अधिक वेळ लागतो?

२. अराताला दोन देशांपैकी एकाचीच निवड का करावी लागली?

३. भारताचे नागरिकत्व स्वीकारताना अराताने काय गमावले व काय मिळविले?

४. तुमच्या गावात बाहेरून कामासाठी आलेल्या एखाद्या माणसाची माहिती मिळवा आणि त्याच्या कामाचा गावाला होणारा उपयोग दहा ओळींत लिहा.