लाकडात मुरलेली शाई

प्रश्न : न्यू जर्सीत आम्ही ऐंशी वर्षांचं जुनं घर घेतलं. गालिचा उचलला तर खाली अस्सल ओकची जमीन निघाली! मशीन भाड्याने आणून दोनदा घासली. बाकी लाकूड लख्ख झालं. पण भिंतीलगत काळ्या ठिपक्यांची रांग आणि खिडकीपाशी कुंडीच्या बुडाएवढं काळं वर्तुळ जसंच्या तसं आहे. हा मळ कसला? तिसऱ्यांदा घासावं का?

उत्तर : नको. तो मळ नाहीच, शाई आहे.

केसांची मेंदी लोखंडी कढईत भिजवलेली तुम्ही पाहिली असेल. आवळ्याची पूड, चहाचं पाणी घातलेलं ते मिश्रण सकाळपर्यंत काळं पडतं. आवळ्यात, चहात, हिरड्यात टॅनिन असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की ते काळवंडतं. युरोपात शतकानुशतकं याच मेळातून शाई होत असे. तिथलं टॅनिन यायचं ओकच्या झाडावरच्या गाठींमधून. आपल्या बाळगुटीतलं मायफळ म्हणजे ओकवरचीच गाठ. खुद्द ओकच्या लाकडातही टॅनिन भरपूर असतं. गालिचा ताणून धरायला भिंतीलगत खिळ्यांच्या पट्ट्या ठोकतात. ते खिळे ओलीने गंजले आणि ठिपके उमटले. वर्तुळाचा गुन्हेगार बहुधा कुंडीखालचं लोखंडी स्टँड, नाहीतर झिरपलेल्या पाण्यातलं लोह.

ही शाई खोल मुरते, म्हणून घासून जात नाही. शिवाय घासायला लाकूड उरलंय किती? फळी साधारण १९ मिलिमीटर जाड असली, तरी दोन फळ्या एकमेकींत अडकतात त्या खाचेच्या वर जेमतेम ६ मिलिमीटर असतात. त्याखाली गेलात तर खिळ्यांची डोकी वर येतील. हीटरच्या हवेची जाळी उचला, तिथे फळीची कड उघडी दिसते. मोजा आणि मगच मशीनला हात लावा.

उपाय ऑक्झॅलिक आम्लाचा. अळूने घसा खवखवतो, तो याच आम्लापासून बनणाऱ्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. हार्डवेअरच्या दुकानात ‘वुड ब्लीच’ मागताना डब्यावर हेच नाव आहे ना, एवढं पाहा. गरम पाण्यात विरघळवून फक्त डागावर नव्हे, अख्ख्या फळीवर लावा, नाहीतर काळ्याच्या जागी पांढरा डाग मिळेल. वाळू द्या, लागलं तर पुन्हा लावा, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि राहिलेली पूड न धुता घासलीत तर ती थेट नाकात जाते. (लपलेल्या कोपऱ्यात जुना रंग उरला असेल, तर आधी शिशाची चाचणी करा. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं १९७८ पर्यंत चालत होतं.) मात्र वर्तुळ कुत्र्या-मांजराच्या मुताचं निघालं, तर ते सहसा हटत नाही, फळीच बदला.

धुतल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात. पूर्ण वाळल्यावर १०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलका हात फिरवा. त्याहून फार बारीक घासलंत तर लाकूड गुळगुळीत होऊन स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, पीत नाही. स्टील वूल मात्र ओकला लावू नका. तुटलेला एखादा तंतू भेगेत राहिला आणि वर पाण्यातलं पॉलिश आलं, की पुन्हा तेच ठिपके! माझं विचाराल तर डाग गेल्यावर स्टेन लावूच नये, ओकचा स्वतःचा रंग गोड असतो. एखादा डाग हट्टाने राहिलाच, तर गडद तपकिरी स्टेन त्याला पोटात घेतो.

तेलाचा स्टेन किंवा आपल्याकडचं बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, वापरलंत तर चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न ओढताही आग लागते. तुमच्या शेजारी फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच चिंध्यांपासून पेटली. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना पॉलिश चालू होतं. तीन अग्निशामक जवान दगावले. तेव्हा चिंध्या एकेक सुटी करून बाहेर कठड्यावर वाळत घाला, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.