दातातील मूलपेशी : आशा, मर्यादा आणि आपले कर्तव्य



या अहवालात जमाखर्चाचे आकडे मांडणे हे माझे नेहमीचे काम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. तरीही अहवाल वर्षात आलेल्या एका अर्जामुळे एका वैद्यकीय विषयाचा अभ्यास करणे मला भाग पडले. त्यातून जे समजले, ते आपणांसमोर ठेवीत आहे. लेखातील शास्त्रीय भाग आपल्या दंतविभागातील डॉक्टरांनी वाचून तपासला आहे.

अर्ज एका रिक्षाचालकाचा होता. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेच्या पायऱ्यांवरून पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात तुटला. काही महिन्यांनी तो दात काळसर पडला. कोणीतरी त्यांना सुचविले की, मुलाच्या धाकट्या बहिणीचे दुधाचे दात पडू लागले आहेत, ते फी भरून शीतगृहात जतन करावेत. त्यांतील मूलपेशींपासून पुढेमागे भावाचा दात नव्याने उगवेल. ही फी गरीब रुग्ण निधीतून मिळावी, अशी विनंती होती. निधी आपण विश्वासाने दिलेला. होकार किंवा नकार देण्यापूर्वी विषय समजून घेणे आवश्यक होते.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मात्र स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करू शकतात आणि गरजेनुसार वेगळ्या प्रकारच्या पेशींतही रूपांतरित होऊ शकतात. दाताच्या आत मऊ, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गर असतो. या गरात अशा पेशी असल्याचे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2000 साली दाखवून दिले.

त्याच संशोधकांपैकी डॉ. साँगताओ शी यांची पुढची हकीकत मनोवेधक आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात पडला, तेव्हा त्याच्या आत त्यांना लालसर ऊतक दिसले. आपल्याकडे असा दात छपरावर टाकून उंदराकडे बळकट दात मागण्याची रीत अनेक घरांत होती; डॉ. शी यांनी तो प्रयोगशाळेत नेला. 2003 साली त्यांच्या गटाने दुधाच्या दातांतही मूलपेशी असल्याचे जाहीर केले. पुढच्या एका दाताच्या गरातून वाढीस लागणाऱ्या अशा पेशी मिळाल्या त्या अवघ्या 12 ते 20. पुढे 2004 साली दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये आणि 2006 साली वाढत्या मुळाच्या टोकाशीही मूलपेशी आढळल्या.

प्रत्यक्ष रुग्णांवर काय सिद्ध झाले?

लहान वयात पुढच्या दाताला मार लागला, तर आतला गर मरू शकतो. कायमचा दात वर आल्यानंतरही त्याचे मूळ पूर्ण होण्यास साधारण तीन वर्षे लागतात. गर मेला की ही वाढ थांबते. मूळ आखूड व पातळ राहते आणि दात पुढे सहज मोडतो. आपल्या अर्जातील मुलाची स्थिती नेमकी हीच होती.

चीनमधील शिआन येथील संशोधकांनी 2018 साली अशाच मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मुलाच्या स्वतःच्या दुधाच्या सुळ्यातील गर काढला, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि मार लागलेल्या दातात ठेवल्या. वर्षभरानंतर त्या दातांत रक्तवाहिन्या व संवेदना असलेला गर तयार झाला आणि मुळांची वाढ झाली, असे त्यांनी नोंदविले. त्यापूर्वी 2017 साली जपानमधील डॉ. मिसाको नाकाशिमा यांच्या गटाने पाच प्रौढ रुग्णांवर असाच प्राथमिक प्रयोग केला होता. हे यश खरे आहे. परंतु रुग्ण मोजके होते आणि उपचार संशोधनाच्या चौकटीत झाले होते, हे विसरता येत नाही.

शिवाय यात गर नव्याने तयार झाला, दात नव्हे. दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, बनविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नष्ट होतात. त्यामुळे झिजलेले वा किडलेले कवच शरीर पुन्हा तयार करीत नाही. मूलपेशींपासून माणसाच्या तोंडात संपूर्ण दात उगविण्याचा उपचार आज कोठेही रूढ नाही. आणखी एक बाब : वरील चाचणीत पेशी त्या मुलाच्या स्वतःच्या होत्या. बहिणीच्या दातावर भावासाठी भरवसा ठेवण्यास त्या चाचणीचा आधार नव्हता.

नियम काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 साली मूलपेशींविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार केवळ नाळेतील रक्ताच्या पेढ्यांना परवानगी आहे. दाताचा गर व तत्सम ऊतकांच्या व्यापारी पेढ्यांना ती नाही. रक्ताच्या विकारांवरील मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर हा संशोधनाचाच भाग मानावा, असेही त्यांत म्हटले आहे. या कारणांमुळे आम्ही दात जतन करण्याच्या फीसाठी निधी मंजूर केला नाही.

नकारानंतर काय केले?

केवळ नकार देऊन अर्जदाराला परत पाठविणे धर्मादाय संस्थेला शोभले नसते. डॉक्टरांनी मुलाला बोलाविले. त्याच्या दाताचे मूळ अद्याप उघडे होते. अशा दातासाठी 2001 पासून विकसित होत आलेली एक पद्धत आहे. दाताची आतली पोकळी औषधाने निर्जंतुक करतात, मुळाच्या टोकापलीकडील ऊतकाला हलकेच टोचून थोडा रक्तस्राव घडवून आणतात आणि रक्ताची गुठळी झाल्यावर वरून दात बंद करतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या मूलपेशी त्या रक्ताबरोबर आत येतात, असे 2011 साली संशोधकांनी दाखविले. म्हणजे शीतगृह नको आणि प्रयोगशाळाही नको. रुग्णाची ठेव त्याच्याच जबड्यात असते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आत तयार होणारे ऊतक पुष्कळदा खऱ्या गराऐवजी हाडासारखे असते आणि सर्वांना सारखा गुण येत नाही. हे पालकांना आधी सांगितले गेले. उपचाराचा खर्च गरीब रुग्ण निधीतून करण्यात आला. दहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये मुळाची भिंत किंचित जाड झाल्याचे डॉक्टरांनी मला दाखविले. दात आयुष्यभर टिकेल, असे आज कोणी म्हणत नाही. पण तो आज त्याच्या तोंडात आहे.

पालकांनी लक्षात ठेवावे असे

मुलाचा कायमचा दात मार लागून मुळासकट निघाला, तर तो कवचाकडील बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये व ते घासू नये. दात मळलेला असल्यास क्षणभर स्वच्छ पाण्यात वा दुधात धुऊन लगेच खाचेत बसवावा. ते जमत नसेल, तर थंड दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे जावे. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. पडलेला दात दुधाचा असेल, तर तो पुन्हा बसवू नये. मार लागलेला दात दुखत नसला, तरी तो दाखवावा. वर्णित मुलाचे काही महिने याच समजुतीत वाया गेले.

देणगीदारांस विनंती

या विज्ञानाचे भविष्य उज्ज्वल आहे, याविषयी मला शंका नाही. चाचण्या पूर्ण होऊन उपचारास मान्यता मिळाली, तर तो गरीब रुग्णांपर्यंत नेण्यास आपली संस्था मागे राहणार नाही. तोपर्यंत आशेच्या नावाने खर्च करणे हिशेबात बसत नाही आणि विवेकातही बसत नाही. आज गरज आहे ती मार लागलेल्या बालकावर त्याच दिवशी उपचार करू शकेल अशा दंतविभागाची आणि शाळाशाळांतून वरील चार गोष्टी सांगणाऱ्या कार्यकर्त्यांची. आपल्या देणगीचा विनियोग त्यासाठी व्हावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे सादर करीत आहे.